वाटणीत न आलेली पाच

आमच्या वाड्याचे दोन भाग झाले तेव्हा सगळ्याची मोजदाद झाली. जमीन, बैलं, विहिरीच्या पाळ्या, पितळी घंगाळं, उकिरडा, आंब्याचं झाड आणि त्याच्या कुठल्या फांद्या कुणाच्या अंगावर येतात तेसुद्धा. आजीचेही महिने ठरले. सहा थोरल्या आप्पांकडं, सहा धाकट्या तात्यांकडं. मोजायची राहिलो ती आम्ही पाच कुत्री. पंच मंडळी दोनदा चहा पिऊन उठली, पण आमचा विषय कुणी काढला नाही. बरंच झालं. काढला असता तर "पाचाचे दोन भाग कसे करायचे" यावरच आणखी एक चहा झाला असता.

मी चंपी. चंपाषष्ठीला उकिरड्यावर सापडले म्हणून चंपी. त्या दिवशी खंडोबाची तळी भरून झाली की भरीत-रोडग्याचा घास कुत्र्याला द्यायचा असतो. आजी घास घेऊन कुत्रं हुडकत होती आणि मी कुँकुँ करत होते. एवढा मुहूर्त साधून जन्माला आलेली असूनही जातीनं गावठीच. सरदार मात्र कारवानी, चाकूर तालुक्यातल्या जानवळचा. ते गाव कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी नावाजलेलं. लांब पाय, निमुळतं तोंड, आत गेलेलं पोट. नवा पाहुणा आला की "याला खायाला घालत न्हाईत का वं?" असं विचारतोच. आप्पांनी त्याला एकदा माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत नेलं होतं. तिथं घोडे, गाढवं, उंट यांच्या जोडीला कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. बक्षीस मिळालं नाही. सरदार ते त्याच संध्याकाळी विसरला, आप्पा अजून विसरलेले नाहीत.

ब्रुनो लॅब्राडॉर. तात्यांच्या पोरानं लातूरहून आणलेला. आजी त्याला बुरणूस म्हणते आणि तो बुरणुसासारखाच दारात पसरतो. टायगर पांढरा, केसाळ, मांजराएवढा. पाच जणांत मिळून जेवढं भुंकणं लागतं त्यातलं निम्मं तो एकटा पुरवतो. पाचवा बारक्या, माझाच. त्याचे दुधाचे दात अजून पडायचे आहेत, तोवर त्यानं कुणाच्याही ताटलीत तोंड घातलं तरी माफ.

वाटणीनंतर अंगणात भिंत उठली. आप्पांनी आपल्या बाजूला निळा रंग दिला, तात्यांनी ईर्षेनं गुलाबी. काकू म्हणतात, गुलाबी जास्त खुलतो. आम्हाला निळा आणि पिवळा तेवढे नीट दिसतात. तांबडं, हिरवं, गुलाबी सगळं मळकटच. करडई फुलली की रान माझ्यासाठी उजळतं, पण तात्यांची भिंत मला अजून रंगवायची राहिल्यासारखीच वाटते. एवढ्या पैशाचा रंग.

मग शेताची मोजणी झाली. मोजणीवाला आला, साखळी ओढली, दगड रोवले, चुना मारला. तो फटफटीवर बसायच्या आत नव्या दगडावर पहिली नोंद सरदारनं केली. दुसरी ब्रुनोनं. माणसांचं बरं असतं, एकदा फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर नाव चढलं की झालं. आमचं नाव उन्हानं उडतं, पावसानं धुतलं जातं, ते रोज जाऊन परत चढवावं लागतं. म्हणून आम्ही बांधावर जातो. लोकांना वाटतं, कुत्री हिंडायलेत. लस टोचायला येणारा डॉक्टर उदगीरच्या कॉलेजात शिकलेला आहे. तो एकदा आप्पांना सांगत होता की माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या ५०-६० लाख पेशी असतात आणि कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी. आप्पा "हो का?" म्हणाले आणि तपकीर ओढली. आता एवढं नाक असल्यावर भिंतीनं काय अडतंय? तात्यांकडं आज येसर शिजलंय, आप्पांकडं अंबाडीची भाजी, हे मला दोन्ही घरांच्या आधी कळतं. सरदार रानातून आला की आम्ही चौघंही आधी त्याचं तोंड हुंगतो, मग शेपटीकडची बाजू. कुठं गेला, कुणाकडं खाल्लं, वाटेत कोण भेटलं, सगळं तिथं असतं. घरातल्या दोन्ही सुना हेच काम फोनवर तासभर करतात.

खरी मालमत्ता कुठली, हे मात्र पंचांना कळलं नाही. वैशाखात रांजणाखालच्या ओल्या मातीला जी किंमत असते ती बागायती जमिनीलाही नसते. घाम आम्हाला फक्त तळव्यांना येतो. बाकी सगळी धग जीभ बाहेर काढून घालवायची. अशा वेळी ओल्या मातीला पोट टेकलं की जीव येतो. आधी वाड्यात एकच रांजण होता आणि त्याखाली ब्रुनो. वाटणीनंतर दोन झाले. दुसरा माझा. थंडीत चुलीमागची राख, त्याही आता दोन. शेतकऱ्याचं नुकसान झालं की नाही ते तलाठ्याला विचारा, आमचा मात्र फायदा झाला.

मागचं अंगण तेवढं आजीनं वाटू दिलं नाही. तिथं तिची बाज असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हापासून ती माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपराखाली, झोपली नाही. पाऊस आला तर पत्र्याच्या पडवीत, एरवी उघड्यावर. बाजेभोवती आमच्या जागा ठरलेल्या. उशाला सरदार, पायथ्याला मी, बाजेखाली टायगर, कारण तो शूर. ब्रुनो कुठंही. बारक्या माझ्या पोटाशी, पण रात्रीतून सरकत सरकत आजीच्या गोधडीत. या जागांवरून भांडण होत नाही असं नाही, रोज होतं. सरदार ओठ वर करून एक दात दाखवतो, समोरचा मान वळवून जांभई देतो, मिटलं. टायगर मात्र मिटल्यावरही थोडा वेळ भुंकतो.

आता जेवणाचं. आधी शेवटची एक भाकरी कुत्र्यांची असायची, ती वरणात कुस्करून पाच जणांत. वाटणी झाल्यापासून सकाळी आप्पांच्या दारात वहिनी आम्हाला बघून म्हणतात, "बघा की, तिकडं उपाशी मारायलेत बिचाऱ्यांना." आणि दोन भाकरी टाकतात. तासाभरानं तात्यांच्या दारात काकू म्हणतात, "त्यांच्या घरी कुत्र्याला घास द्यायची दानत न्हाई." आणि त्यावर दूध. संध्याकाळी पुन्हा हाच फेरा, उलट्या क्रमानं. दोन्हीकडं सारखंच केविलवाणं तोंड करायचं, एवढं पथ्य पाळलं की पुरे. ब्रुनोला यातून कंबर राहिली नाही. डॉक्टर ओरडला, कांदा घालू नका, द्राक्षं तर अजिबात नको, आणि याचं खाणं निम्मं करा. दोन्ही घरांनी एकमेकांकडं बोट दाखवलं आणि दोन्ही घरांनी खाणं चालू ठेवलं.

कधी कधी ब्रुनोला दिलेलं पुरत नाही, मग तो टोपलीतून अख्खी भाकरी उचलतो. नर्सीच्या नामदेव महाराजांनी कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धाव घेतली, ही गोष्ट आजी आम्हा सगळ्यांना सांगते. काकूही धावतात. हातात वाटी नसते.

दोघा भावांचं बोलणं बंद आहे. म्हणजे एकमेकांशी बंद, आमच्याशी चालू. आप्पा भिंतीकडं तोंड करून मला म्हणतात, "चंपे, मोटार चालू करायची आज कुणाची पाळी हाय, हे काही लोकांना कळंना बग." पलीकडून तात्या ब्रुनोला सांगतात, "बुरनू, लाइट रात्री येती, पाळी दिवसाची धरून काय करावं माणसानं?" मी ब्रुनोकडं बघते, ब्रुनो माझ्याकडं बघतो. असा दहा मिनिटं व्यवहार होतो आणि मोटार चालू होते. मजूर, खताची गोणी, पोरीला बघायला येणारे पाहुणे, सगळं आमच्यामार्फत ठरलंय. टायगरला मात्र कुणी काही सांगत नाही. तो मध्येच भुंकतो आणि मग कोण काय म्हणालं ते पुन्हा म्हणावं लागतं.

मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूरकडं त्या दिवशी गावात कुत्रंही राहत नाही असं म्हणतात, आणि ते बरोबर आहे, कारण आम्ही शेतात असतो. कडब्याची कोप, आत पांडव म्हणून दगड मांडलेले, भज्जी, उंडे, खीर, मडक्यात आंबील. वाटणीनंतरच्या पहिल्या येळवशीला बांधाच्या दोन्ही अंगांना दोन कोपी उभ्या राहिल्या, भज्जीही दोन. आमची त्या दिवशी किती धावपळ झाली म्हणून सांगू! इकडं खीर, तिकडं उंडे, मधे बांध ओलांडायचा, परत. दुपारी बांधाच्या खालून ससा उठला आणि सरदार सुटला. पळताना सरदारला बघावं, पाय जमिनीला लागतात की नाही कळत नाही. आप्पा उठून उभे राहिले, तिकडून तात्या. शिकारीला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं दोघंही "सोड, सोड!" असं ओरडत होते, पण आवाजात "धर" होतं. ससा तुरीत शिरला, सरदार जीभ लोंबवत परत आला आणि सरळ तात्यांच्या कोपीत जाऊन आंबिलाचं मडकं पालथं केलं. तात्या काही बोलले नाहीत. आप्पांनी मला सांगितलं, "चंपे, त्यांना म्हणावं, आपल्याकडं आंबील उरलीया." मडकं मग वहिनीच घेऊन गेल्या.

आणि रेबीजच्या लशीचा दिवस. खाऊ घालायला सगळी पुढं असतात, पण तेव्हा आम्ही कुणाचेच नसतो. "तुमचीच हायत की कुत्री," तात्या या वेळी थेट आप्पांनाच म्हणाले, मध्ये मी असूनही. "दूध तर तुमच्याकडं पितेत," आप्पा म्हणाले. डॉक्टर कार्डं हातात धरून उभा. "मालकाचं नाव काय लिहू?"

"लिव्हा माझं," बाजेवरून आजी म्हणाली. "पाचीबी. अन् पैसे या दोघांकडून निम्मे-निम्मे घ्या."

सरदारनं मान फिरवून टोचून घेतलं. ब्रुनोला सुई लागली हे कळलंच नाही, कारण वहिनींनी समोर भाकरी धरली होती. बारक्या किंचाळला, माझा पाय धरावा लागला. टायगर बैलगाडीखाली जाऊन बसला. आप्पा एका चाकाकडून वाकले, तात्या दुसऱ्या. "तिकडून हाका," आप्पा म्हणाले. "तुमीच धरा की, तुमच्याकडं तोंड हाय त्याचं," तात्या म्हणाले. टायगरनं दोघांकडं एकदा बघून घेतलं आणि जुवाच्या बाजूनं निघून उसात शिरला. डॉक्टर म्हणाला, उद्या येतो.