तिळूचं जेवण: ताटली टेकली तरी बसून राहण्यापर्यंत

आमची काळी लॅब (लॅब्रडॉर) कुत्री, तिळू, आता ताटली जमिनीवर टेकल्यावरही चादरीवर बसून राहते आणि 'घे' म्हटल्यावरच उठते. संक्रांतीच्या सुमारास, आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली होती तेव्हा आम्ही सुरुवात केली. त्या वेळी डब्याचं झाकण वाजलं की ती थेट माझ्या कोपरापर्यंत उडी घ्यायची. हावरं कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न असतोच, म्हणून मधल्या महिन्यांत काय उपयोगी पडलं ते सविस्तर लिहिते.

आधी भुकेबद्दल. लॅब हावरट दिसते त्याला बऱ्याचदा शरीरातलं कारण असतं. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी या जनुकाचा काही भाग गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचण्याच्या कामात हे जनुक लागतं. २०२४ मध्ये त्यांचंच पुढचं काम प्रसिद्ध झालं. अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मध्ये जास्त भूक लागते, शिवाय नुसतं पडून असताना त्यांच्या शरीरात सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च होते. तिळूची ही तपासणी केलेली नाही, पण तिची भूक खरी आहे असं धरूनच मी शिकवते. त्यामुळे रागवायचा प्रश्नच येत नाही. मात्र एखाद्याचं कुत्रं अचानक जास्त खाऊ लागलं असेल तर शिकवणं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. जंत, मधुमेह, कुशिंगचा आजार किंवा चालू असलेलं स्टेरॉइड यांनीही भूक वाढते.

आता ताटलीचं काम. फिरून आल्यावर, ताटलीत तिच्याच खुराकातले चार कोरडे दाणे टाकून मी कमरेच्या उंचीवर धरायचे. ती बसली की ताटली हळूहळू खाली. बूड उचललं की ताटली परत वर. तोंडाने एक शब्दही नाही, 'नको' नाही की 'थांब' नाही. ती आपणहून पुन्हा बसली की ताटली पुन्हा खाली यायला लागायची. या पद्धतीचं सगळं बळ या गप्प राहण्यात आहे असं माझं मत झालंय. आपण दहा वेळा 'बस बस' म्हणतो तेव्हा कुत्रं आपल्या आवाजाकडे लक्ष देतं. गप्प राहिलं की आपल्या बसण्याने ताटली खाली येते, हे त्याचं त्यालाच उमगतं. तिळूला हे ज्या संध्याकाळी उमगलं तेव्हा तिच्या अंगातला ताण उतरलेला स्पष्ट दिसला. कान मागे गेले, शेपूट फरशीवर संथ हलायला लागली, आणि ताटलीकडे लागलेली नजर माझ्या तोंडाकडे वळली. मला फार आनंद झाला.

लाळ मात्र गळतच राहते आणि गळू द्यावी. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेच्या अभ्यासासाठी, आणि कुत्र्याची लाळ आपोआप सुटते हे त्याच्या प्रयोगांनीच जगाला नीट दाखवलं. बसणं तिच्या हातात आहे, लाळ नाही. खाली जुनी सोलापुरी चादर चौघडी करून घातली आहे, ती सगळं शोषून घेते. शहाबादी फरशीवर स्टीलची ताटली घसरत जायची, तेही थांबलं. आणि चादर ही तिची जागाच झाली. चादर अंथरली की ती येऊन बसते.

वेळ वाढवताना एक काळजी घेतली. दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबवलं तर कुत्र्याला वाटतं की हे काम कठीणच होत जाणार, आणि ते मध्येच सोडून देतं. म्हणून कधी पटकन 'घे', कधी थोडं उशिरा, मग पुन्हा पटकन. डब्याच्या झाकणाचं वेगळं काम केलं. दिवसभरात केव्हाही झाकण उघडायचं, लावायचं आणि आपल्या कामाला लागायचं. झाकणाचा आवाज आणि जेवण यांची गाठ सैल झाली, उड्या तिथेच अर्ध्या झाल्या.

मध्ये एक अवघड टप्पा येतो, तो सांगायलाच हवा. भुंकून काही मिळत नाही असं दिसलं की कुत्रं गप्प बसण्याआधी काही काळ आणखी जोरात भुंकतं. याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात. नेमकं त्याच वेळी घरातलं कोणी विरघळलं, तर जोरात भुंकावं लागतं एवढंच ते शिकतं. आमच्याकडे शेजारच्या काकू विरघळायच्या. "उपाशी ठेवतेस की काय गं लेकराला?" म्हणत कंपाउंडवरून कडक भाकरीचा तुकडा यायचा, आणि त्याला शेंगाचटणी लागलेली. शेंगदाणा चालतो, पण चटणीतला लसूण कुत्र्याला घातक. लसूण आणि कांदा दोन्हींनी त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. काकूंना हे समजावलं, आणि नुसतं नको म्हणून सोडलं नाही. तिळूच्या रोजच्या वजन केलेल्या खुराकातलाच एक वाटा छोट्या बरणीत घालून त्यांच्याकडे दिला. ती चारही पाय जमिनीवर ठेवून बसली तरच एक दाणा. आता काकू माझ्याहून कडक आहेत आणि तिळू कंपाउंडपाशी जाऊन मुकाट बसते. आजूबाजूच्या प्रेमळ माणसांना शिकवण्यात सामील करून घ्या, हे मी प्रत्येकाला सांगेन.

जेवणाची वेळ मुद्दाम मागेपुढे ठेवते. रोज ठरावीक मिनिटाला वाढलं की त्याच्या आधीपासून कुईकुई सुरू होते. सोलापुरात हे आपोआपही घडतं. काही दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येतं, आणि आलं की घरातलं प्रत्येक माणूस बादल्या, टाकी, पाइप यांत गुंतलेलं असतं. पूर्वी अशा दिवशी ती स्वयंपाकघर डोक्यावर घ्यायची. आता चादरीवर आडवी पडून मोटारीचा आवाज बंद व्हायची वाट बघते. तिचं पाणी मात्र कधीच या शिकवणीचा भाग नाही. इथला पारा चाळिशीच्या वर जातो, भांडं सतत भरलेलं हवं. मे महिन्यात जेवणही ऊन चढण्याआधी आणि रात्री उशिरा, अंगण निवल्यावर.

नाकावर बिस्कीट ठेवून कुत्र्याला ताटकळत ठेवण्याचे व्हिडिओ दिसतात, ते मला पटत नाहीत. अन्न समोर असताना ताणायची ती वेळ थोडकीच असावी, शब्द दिला की लगेच मिळावं. आणि एकदा खायला लागली की ताटलीला हात लावायचा नाही. मध्येच ताटली काढून घेतल्याने कुत्रं सहनशील होत नाही, अन्न राखायला आणि गुरगुरायला शिकतं. मी जवळून जाताना उलट उकडलेल्या चिकनचा एक तुकडा ताटलीत टाकते. त्यामुळे माझं जवळ येणं तिला आवडतं.

बकाबका खाणं अजून पूर्ण सुटलेलं नाही. खाचांची ताटली वापरतो, तिने वेग बराच कमी झाला. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत भराभर खाण्याने पोट फुगून पीळ पडण्याचा धोका वाढतो, म्हणून दिवसाचं दोन वेळांत विभागून देते आणि जेवणानंतर पळापळ बंद.

सुट्टीत भाचे आले तेव्हा सगळं पुन्हा खालच्या पायरीवर गेलं. नवी माणसं, हातात सतत खाऊ, जमिनीवर सांडलेला चिवडा. आम्ही पुन्हा कमरेच्या उंचीपासून सुरू केलं, या वेळी ताटली धाकट्या भाच्याच्या हातात आणि मी मागे उभी. त्याच्या हातूनही ती बसायला लागली तेव्हा तिचं शिकणं माझ्यापुरतं राहिलं नाही हे कळलं.

सध्या रस्त्यावर काम चाललंय. संध्याकाळी भज्यांच्या गाड्यापासून बरंच लांब, जिथे वास येतो पण तिला माझ्याकडे बघायला जमतं, तिथे उभ्या राहतो. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं की दाणा. पट्टा सैल राहिला तरच दोन पावलं पुढे. कालपासून गाड्याच्या अलीकडच्या खांबापर्यंत पोचलोय.