दहा फुटी खड्ड्यात साचलेले पाणी

वाळवा तालुक्यातल्या एका उसाच्या शिवारात नव्या घराचे जोते पूर्ण झाले होते, आणि सेप्टिक टाकीसाठी दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट खोल असा खड्डा मी टाकीबद्दल सल्ला द्यायला पोहोचण्याआधीच खणून ठेवलेला होता. घरात राहणारी माणसे सात. एवढी मोठी टाकी कशासाठी, असे विचारल्यावर घरमालक आबा म्हणाले, "साहेब, एकदाच मोठी बांधली की माझ्या हयातीत उपसायला नको." गवंड्याचेही तेच मत होते. सांगली भागात हे मत मी अनेक घरी ऐकले आहे. त्यामागे मैला उपसण्याच्या कामाची किळस असते आणि खर्चाची काळजीही असते, त्यामुळे ते एका वाक्यात उडवून लावणे मला कधीच योग्य वाटत नाही.

मी जोत्यावर बसूनच हिशेब मांडला. भिंतींची जाडी सोडून दिली तरी त्या टाकीत जास्तीत जास्त २८ हजार लिटर पाणी मावले असते. संडासाबरोबरच न्हाणी, धुणे आणि स्वयंपाकघराचे पाणीही तिच्यातच सोडायचे ठरले होते. माणशी रोज १०० लिटर धरले, तर ७०० लिटर दराने ती टाकी ४० दिवसांत काठोकाठ भरणार, आणि पुढे जेवढे पाणी आत येईल तेवढेच रोज बाहेर पडणार. हयातभराचा भरवसा ४० दिवसांवर आलेला पाहून आबांनी तो गुणाकार स्वतः पुन्हा करून पाहिला. टाकीत जड मैला तळाशी बसतो, हलका भाग तवंग होऊन वर राहतो, हवेविना जगणारे जिवाणू त्याचे विघटन करतात आणि मधले पाणी पुढे जाते. ते पाणी दिसायला बरे असले तरी त्यात रोगजंतू असतात. म्हणून टाकी केवढी, या प्रश्नाबरोबरच पाणी जिरणार कुठे, हे ठरवावे लागते.

"मग शेजारीच शोषखड्डा काढू," आबांचा मुलगा म्हणाला. परंतु टाकीसाठी खणलेल्या खड्ड्यात तीन फूट पाणी उभे होते. सकाळी मोटर लावून ते उपसले होते आणि दुपारपर्यंत पुन्हा तेवढेच चढले होते; म्हणजे भूजल जमिनीखाली अवघ्या सात फुटांवर होते. शेजाऱ्यांची पिण्याच्या पाण्याची विहीर तिथून १२ मीटरवर होती, आणि शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर दूर असावा लागतो. त्या जागी शोषखड्डा काढला असता, तर आबांच्या घरचे सांडपाणी शेजाऱ्यांच्या घागरीत उतरले असते.

जमिनीत पाणी किती वेगाने जिरते हे पाहण्यासाठी मी आदल्या दिवशी फोन करून दोन ठिकाणी लहान खड्डे काढून ते रात्रभर पाण्याने भिजवून ठेवायला सांगितले होते. खड्ड्याजवळच्या काळ्या मातीत पाण्याची पातळी तासाभरात जेमतेम एक सेंटिमीटर उतरली. पातळी २५ मिलिमीटर उतरायला ६० मिनिटांहून जास्त वेळ लागत असेल, तर तिथे पाणी जिरवण्याचा विचारच सोडावा लागतो. रस्त्याच्या बाजूचा कोपरा मात्र चार फूट उंच आणि मुरमाचा होता. तिथे पातळी २५ मिलिमीटर उतरायला वीसच मिनिटे लागली. तो कोपरा विहिरीपासून दूरही होता. खोल शोषखड्ड्याऐवजी तिथे खडी भरलेला उथळ चर काढायचे ठरले, कारण चराचा तळ आणि भूजल यांच्यात जितकी जास्त कोरडी माती राहील तितके पाणी अधिक गाळले जाते.

मग आकार. सेप्टिक टाक्यांसाठीच्या भारतीय मानक २४७० नुसार टाकीचे माप वापरणाऱ्यांची संख्या आणि उपशाचे अंतर यांवरून ठरते. सात माणसे, पुढे मुलाचा वाढणारा संसार आणि यात्रेचे पाहुणे धरून मी दहा माणसे गृहीत धरली: लांबी २ मीटर, रुंदी ९० सेंटिमीटर, पाण्याची खोली १.४ मीटर, त्यावर ३० सेंटिमीटर मोकळी जागा. हे सुमारे अडीच हजार लिटर होतात. दोन हजारांच्या वर गेल्यामुळे आत भिंत घालून दोन कप्पे करायचे, पहिला दुसऱ्याच्या दुप्पट. टाकीत फक्त संडासाचे पाणी जाणार. न्हाणीचे आणि स्वयंपाकघराचे पाणी जाळी लावून परसातल्या केळींना द्यायचे.

मोठ्या टाकीचा आणखी एक धोका मी गवंड्याला समजावला, आणि तो त्याला लगेच पटला. पावसाळ्यात भूजल वर आले असताना अशी टाकी पूर्ण उपसली, तर खालून येणारा पाण्याचा रेटा रिकामी टाकी उचलतो, जोडनळ्या तुटतात, भिंतींना तडे जातात. लहान टाकीही अशा जमिनीत पावसाळा सोडूनच उपसावी.

उपशाचा विषय मी मुद्दाम शेवटपर्यंत लावून धरला. पोर्चच्या फरशीखाली टाकी गाडायचा आबांचा विचार होता, आणि त्याला मी ठाम नकार दिला. झाकणे उघडी दिसली पाहिजेत आणि मैला उपसणाऱ्या गाडीची नळी तिथवर पोहोचली पाहिजे, नाहीतर उद्या कोणीतरी माणूस आत उतरवला जातो. मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साचलेल्या टाकीत माणूस काही क्षणांत कोसळतो. अशा धोकादायक सफाईला माणूस लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि बंदी नसती तरीही ते काम कोणाकडूनही करवून घेऊ नये. शेजारच्या सातारा जिल्ह्यात वाई नगरपालिकेने घरोघरच्या टाक्या दर तीन वर्षांनी गाडीने उपसण्याची पद्धत बसवली, तिचे उदाहरण मी दिले. आमच्या आबांना मात्र दोन वर्षांनी गाडी स्वतःच बोलवावी लागणार होती, कारण १.४ मीटर खोली मी तेवढ्या अंतरासाठीच धरली होती.

मोठा खड्डा बुजवण्याचा खर्च मुलाला खटकला, पण आबांनी त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर सांगितला. नव्या जागी टाकी बांधून झाल्यावर ती पाण्याने भरून चोवीस तास ठेवायची आणि पातळी उतरत नाही ना हे खुणेवर पाहूनच वरचा स्लॅब टाकायचा, एवढे गवंड्याला लिहून देऊन मी निघालो.