जॉबकार्डवर लिहिलं होतं, 'पिकअप कमी'

चार वेळा गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यातल्या तीन जॉबकार्डांवर तक्रार एकच लिहिलेली, 'पिकअप कमी'. "सायेब, गाडीच पिकअप हाय, तिच्यात पिकअप कमी कसा आसंल?" असं तिथल्या वॉशिंगच्या पोरानं विचारलं, तेव्हा मला अजिबात हसू आलं नव्हतं. ती तिन्ही कार्डं अजून डॅशबोर्डच्या खणात आहेत.

आमचं घर वाईत, स्ट्रॉबेरीचं रान पाचगणीच्या वर. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पसरणी घाटात शनिवार-रविवारच्या गर्दीत क्लच दाबून पाय भरून यायचा, म्हणून डबल कॅब पिकअप घेताना ऑटोमॅटिक घेतली. डिझेल, सहा गिअर, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचऐवजी ऑईलमधून इंजिनाचा जोर पुढं देणारी. कर्ज, विमा, पासिंग सगळं आठवड्यात उरकलं. पहिले दोन महिने गाडी रिकामीच पळवली आणि भेटेल त्याला "ऑटोमॅटिकच घ्या" म्हणून सांगत सुटलो.

मग लागणीचे दिवस आले. निंबोळी पेंडीची १२ पोती, म्हणजे ६०० किलो, मागे टाकून घाटाला लागलो. बुवासाहेबांचं देऊळ आलं आणि गाडीचा खेळ सुरू झाला. चौथा गिअर पडायचा, गाडीचा दम जायचा, की धाडकन तिसरा. इंजिन ओरडायचं, जरा वेग आला की परत चौथा. परत दम गेला, परत तिसरा. आरपीएमचा काटा नुसता वरखाली नाचत होता. बायको शेजारी बसलेली. म्हणाली, "अहो, हिला नक्की पाहिजे तरी काय?"

याला गिअर हंटिंग म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. गाडी गिअर शोधत राहते. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला पुढचा चढ काही दिसत नाही. रेस किती दिलीय, चाकं किती वेगानं फिरतायत, इंजिनावर ताण किती, एवढ्यावरच तो ठरवतो. वळणावर आपण रेस सोडतो. त्याला वाटतं, झालं काम, आता डिझेल वाचवू, टाका वरचा गिअर. वळण संपलं की आपण परत रेस देतो आणि तो परत खाली येतो. वाई ते पाचगणी १२-१३ किलोमीटरांत रस्ता साधारण ६०० मीटर चढतो. म्हणजे दर १०० मीटरला पाचेक मीटर. भरलेल्या गाडीला हा चढ असा अडनिडा पडतो की तिसऱ्यात ती उगाच ओरडते आणि चौथ्यात पुरत नाही. सपाट हायवेला हे काही घडतच नाही. माझे पाच महिने त्या सपाट हायवेनंच खाल्ले.

पहिल्या खेपेला ॲडव्हायझरनं, म्हणजे तक्रार लिहून घेणाऱ्यानं, टॅब काढला. मी सगळं सांगितलं, घाट, पोती, तिसरा-चौथा. तो मान डोलवत होता. शेवटी म्हणाला, "सर, इथं यादीतूनच निवडावं लागतं." यादीत ब्रेक होता, आवाज होता, एसी होता, मायलेज होतं. घाटात गिअर शोधते, असं काही नव्हतं. मग त्यानं 'पिकअप कमी'वर बोट ठेवलं आणि मी सही केली. पिकअप कमी म्हटल्यावर ते काय करणार? एअर फिल्टर साफ केला, डिझेल फिल्टर बघितला, धुऊन पुसून गाडी परत. फिल्टरच्या सफाईचे पैसे माझ्याकडूनच घेतले.

दुसऱ्या खेपेला मी हट्टच धरला, माझ्यासोबत ट्रायल घ्या. घेतली की. रिकामी गाडी, सपाट हायवे, पुढच्या उड्डाणपुलापर्यंत जाऊन परत. "सर, गाडी एकदम बटर आहे." मी म्हटलं, घाटात चला. तर म्हणे ट्रायल पाच किलोमीटरच्या आतच घ्यावी लागते, तसा नियम आहे. स्कॅनर लावला. एकही एरर कोड नाही. "कोड नाही म्हणजे फॉल्ट नाही, सर." या वाक्याचा मला अजून राग येतो. बिघाड असेल तरच कोड येणार. इथं गाडी तिला शिकवलंय तसंच वागत होती, फक्त शिकवलेलं आमच्या घाटाला जुळत नव्हतं. पण हे तेव्हा मला बोलता आलं असतं तर आणखी काय हवं होतं! कस्टमर केअरला फोन केला, तक्रार नंबर मिळाला आणि तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे'. कुणी केलं, कधी केलं, देव जाणे. असा मेसेज आला की त्याच दिवशी 'निवारण झालेले नाही' असं लेखी उत्तर पाठवा. मी पाठवलं नाही आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सगळी कथा सांगत बसलो.

तिसऱ्या खेपेला तिथल्या फ्लोअर इन्चार्जची नजर टायरवर गेली. इथं माझंही कबूल करतो. गाडी घेतल्यावर महिन्यातच मी हौसेनं मोठे टायर टाकले होते. मूळचे २४५/७० आर १६, मी टाकले २६५/७० आर १६. दिसायला गाडी झकास. पण चाकाचा व्यास २८ मिलिमीटरनं, म्हणजे जवळजवळ चार टक्क्यांनी वाढतो. चाक मोठं झालं की सगळेच गिअर तेवढे लांब होतात, म्हणजे चाकाला जोर कमी पडतो, आणि चढाला गाडी आणखी लवकर दमते. इन्चार्जला हत्यारच मिळालं. "सर, हे तुमच्या टायरमुळं. वॉरंटीत बसत नाही." दोन खेपा ज्यांना टायर दिसले नव्हते, त्यांना आता टायरशिवाय काही दिसेना.

लाज वाटली आणि रागही आला. जुने टायर मेव्हण्याच्या गोठ्यात कडब्याखाली पडले होते. ते काढून चढवले, परत तीच १२ पोती भरली आणि बायकोला मोबाईल दिला. तिनं देवळापासून घाटमाथ्यावरच्या हॅरिसन फॉलीपर्यंत डॅशबोर्डचा सलग व्हिडिओ काढला. आधी मोठ्या टायरवर मोजला तेव्हा गिअर ३१ वेळा बदलला होता, जुन्या टायरवर २२ वेळा. म्हणजे नऊ माझ्या हौसेचे, बाकीचे त्यांचे. हा हिशेब व्हिडिओसकट थेट कंपनीला ईमेल केला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवरही तक्रार नोंदवली. दोन्हींपैकी कशानं हललं ते माहीत नाही. दहा दिवसांत फोन आला, पुण्याहून इंजिनिअर येतोय.

चौथ्या खेपेला मी पोती भरूनच गेलो. सही करायच्या आधी कार्ड हातात घेतलं आणि पेनानं लिहिलं, 'घाटात लोड असताना तिसरा-चौथा सारखा बदलते'. ॲडव्हायझरचं तोंड उतरलं, पण लिहू दिलं. इंजिनिअर तरुण होता, कमी बोलायचा. लॅपटॉप जोडून शेजारी बसला आणि सरळ पसरणी घाटात चला म्हणाला. अर्ध्या घाटात त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. गिअरबॉक्सच्या ऑईलचं तापमान ११८ अंश. टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारी पकड, सारखा लागत-सुटत होता, त्यामुळं ऑईल तापत होतं. "याचं नवीन सॉफ्टवेअर आलंय," एवढंच बोलला. खाली आल्यावर ते टाकायला ४० मिनिटं लागली. पाच महिने थांबलो ते या ४० मिनिटांसाठी.

आता गाडी चढाला तिसरा धरून ठेवते. रेस सोडली तरी लगेच वर जात नाही.

खरं तर अर्धं दुखणं माझं मलाच घालवता आलं असतं. लिव्हर नेहमीच्या डी (ड्राइव्ह) वरून बाजूला सरकवला की मॅन्युअल मोड येतो, तिथं प्लस-मायनस करून गिअर आपण धरायचा. तो प्रकार पोरांच्या रेसिंगसाठी असतो, असं मी समजत होतो. इंजिनिअरनं विचारलं, "हा वापरत नाही का तुम्ही?" मी खिडकीबाहेर बघत बसलो. भरलेल्या गाडीनं घाट चढताना सरळ तिसरा धरा. उतरतानाही ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा. गाडीला इंजिन धरतं, ब्रेक तापत नाहीत. रविवारी घाटात जळक्या ब्रेकचा वास येतो तो डी मध्ये टाकून निवांत उतरणाऱ्यांचा. न्यूट्रल तर चुकूनही नको.

आणि गर्दीत चढावर थांबलात तर रेसवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. क्लच नाही म्हणून आपल्याला कळत नाही, पण आत ऑईल तापत असतं. मॅन्युअल गाडीत अर्ध्या क्लचवर उभं राहायची सवय असते ना, ही तीच चूक. मी दोन महिने तेच करत होतो.

सांगायचं राहिलं, गिअरबॉक्समध्ये सॉफ्टवेअर कुठल्या आवृत्तीचं आहे ते पहिल्याच खेपेला विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. हा प्रश्न मला पाच महिन्यांत सुचला नाही आणि तिथंही कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून एका मुलीचा फोन आला, "सर, फीडबॅकमध्ये दहापैकी दहा द्याल ना?" मी विचारलं, चौथ्या कार्डाचे देऊ की चारही कार्डांचे मिळून? ती बिचारी गोंधळली. शेवटी सात दिले.

मोठे टायर अजून गोठ्यातच आहेत. मेव्हणा निम्म्या किमतीत मागतोय.