फॉर्म बी ते सहावा दिवस

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी विषय ठरला: शिशाचं पाणी पिणारे उंदीर पोटातले जंत किती दिवसांत बाहेर टाकतात? डायॉक्सिन हे विषारी रसायन दिलेल्या उंदरांच्या आतड्यात ट्रिकिनेलाचे जंत जास्त दिवस टिकतात, हे आधीच माहीत होतं. शिशाची गोष्ट निराळी. ते प्रतिकारशक्तीचा कल टीएच-२ नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींकडे झुकवतं, आणि जंत हाकलायचं काम नेमकं त्याच पेशींचं. मग जंत लवकर जातील की उशिरा? मी तावातावाने वाद घालत होते. सर म्हणाले, "पैजा नंतर, आधी फॉर्म बी भर."

फॉर्म बी म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या परवानगीचा अर्ज. माझा परत आला. समितीवर विज्ञानाबाहेरच्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "उंदीर फार खंगला तर काय करणार, ते कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. मान खाली घालून बाहेर आले. मग लिहिलं: रोज वजन करायचं, 20 टक्के घटलं की त्या उंदराला वेदना न होता मारायचं. पुढच्या बैठकीत परवानगी मिळाली.

खरी फजिती त्यानंतर. लेड अ‍ॅसिटेट (शिशाचा विरघळणारा क्षार) नळाच्या पाण्यात टाकलं आणि बाटली ताकासारखी पांढरी! क्षारांशी मिळून शिसं तळाला बसलं, उंदीर काय पिणार, वरचं पाणी? डिस्टिल्ड वॉटर घेतलं, किंचित अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घातलं, तेव्हा निवळ झालं. तुलनेच्या गटाला, म्हणजे शिसं न दिलेल्या उंदरांना, सोडियम अ‍ॅसिटेट. शिवाय रोज बाटल्या तोलायच्या. चव आवडली नाही तर उंदीर पाणीच कमी पितात, मग परिणाम शिशाचा की तहानेचा, कोण सांगणार?

जंत निवडला निप्पोस्ट्रॉन्जिलस, उंदरांच्या आतड्यात राहणारा. उंदराच्या कातडीखाली 500 अळ्या सोडल्या, की त्या फुप्फुसांत जातात, तिथून घशात, गिळल्या जाऊन आतड्यात. सहाव्या दिवशी लेंड्या मिठाच्या संपृक्त पाण्यात घोटल्या. अंडी तरंगून वर आली. मॅकमास्टर स्लाइडच्या (अंडी मोजायच्या आखीव काचेच्या) रेघांमध्ये ती मोजता मोजता डोळे चुरचुरायला लागले. त्या आठवड्यात उपासाच्या साबुदाण्याकडे बघवेना. धडधाकट उंदीर दहाव्या दिवसाच्या आसपास बहुतेक जंत बाहेर टाकतो, म्हणजे तोवर रोज हेच. मोजताना माझं मन कुठे झुकू नये म्हणून पिंजऱ्यांवर फक्त नंबर होते. कुठल्या नंबरला शिसं, ती यादी लॅबमधल्या ताईंनी कपाटात घातली आणि किल्ली घरी नेली.