सासरच्या बायबलात मक्काबी सापडेना

मी वसईची कॅथलिक, सासर नगरचं प्रोटेस्टंट. आजेसासूबाईंच्या पुण्यतिथीला मृतांसाठी प्रार्थनेचा उतारा वाचू म्हणून मक्काबींचं दुसरं पुस्तक, 12वा अध्याय शोधायला गेले तर पुस्तकच नाही! आमच्या बायबलात 73 पुस्तकं, यांच्यात 66.

सासरे म्हणाले, अगं ती जास्तीची सात पुस्तकं ज्यू लोकांच्या हिब्रू शास्त्रात नाहीत, म्हणून प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने 1534च्या जर्मन बायबलमधे ती वेगळी काढून जुन्या आणि नव्या कराराच्या मधे ठेवली, वाचायला चांगली पण शास्त्राच्या तोडीची नाहीत. मी म्हटलं पप्पा, पण सुरुवातीचे ख्रिस्ती सेप्टुअजिंट, म्हणजे जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर, वाचायचे आणि त्यात ती होती, कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1546 ला फक्त शिक्कामोर्तब केलं.

खरा प्रश्न मात्र यादी ठरवायची कुणी हा आहे. नव्या कराराच्या 27 पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या इ.स. 367च्या पत्रात दिसते, म्हणजे चर्चने पारखलं ना? पप्पा म्हणतात, चर्चने फक्त ओळखलं, अधिकार दिला नाही, देवाचं वचन स्वतःच पटतं, पवित्र आत्मा आतून साक्ष देतो, प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विननेही हेच मांडलं. हे मला मनापासून भिडलं, तरी परंपरेशिवाय शास्त्र हातात आलंच नसतं असं मला अजूनही ठाम वाटतं.

मग मी त्यांना आमच्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं 1965 चं म्हणणं दाखवलं, की चर्चचा शिकवण्याचा अधिकार वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे. पप्पांनी ते दोनदा वाचलं, आणि माझं बायबल मागून घेतलं.