वजन उतरलं, पण कुठून?

बेळगावात शहापूरला आमची छोटी व्यायामशाळा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच असल्यामुळे भरतीची तयारी करणारी पोरं कायम असतात. छाती ७७ सेंटिमीटर, फुगवून आणखी ५, हे त्यांना पाठच असतं. टेपचं महत्त्व त्यांना सांगावं लागत नाही. चाळिशीपुढची मंडळी मात्र काट्यावर चढतात, आकडा बघतात आणि उतरतात. वडगावातले एक मागवाले मामा त्यांतलेच.

मामांचं वय ५२. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरून मग आमच्याकडे यायचे. दोन महिन्यांत वजन ८२ वरून ७५ वर आलं. बेळगावची मिठाई कुंदा सोडला, रात्रीचा भात बंद केला, त्याचंच हे फळ असं ते धरून होते, आणि फिरायला येणारे मित्रही तोंड भरून कौतुक करत होते.

त्या दिवशी त्यांची मापं घ्यायची होती. मी कपडे शिवायची जुनी टेप वापरत नाही. ती ताणून सैल पडते आणि माप चुकतं. पोटाचं माप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर घेतो. मांडीसाठी गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर मोजून पेनानं खूण करतो. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. प्रत्येक माप दोनदा.

पोट ९६ चं ९४ झालं होतं. दंड ३१ वरून २९. आणि मांडी ५४ वरून थेट ५०.५! मला खरंच वाटेना. खूण पुसून पुन्हा केली, दुसरा पाय मोजला. तोच प्रकार. पोट जेमतेम हललेलं आणि मांडी झडलेली. चरबी उतरताना मांडीही थोडी कमी होते, पण ७ किलो जाऊन पोट २ सेंटिमीटरच उतरतं, हे चांगलं लक्षण नव्हे. पायांचे व्यायाम सोडले म्हणावं, तर तेही चालूच होते.

"मामा, तहान फार लागते काय?"

"लागते की. उन्हाळा हाय न्हवं."

"रात्री लघवीला उठता?"

"तीन-चारदा. वय झालं आता." मग जरा रागानंच म्हणाले, "वजन उतरलंय की! आणि काय पाहिजे तुला?"

मी त्यांना मापांचं कार्ड दाखवलं, बोट ठेवून मांडीचे दोन्ही आकडे वाचायला लावले. त्या दिवशी व्यायाम दिला नाही. "उद्या उपाशीपोटी रक्त तपासा आणि डॉक्टरांना भेटा," एवढंच सांगितलं. रोग ओळखणं माझं काम नाही, पण असलं कार्ड बघून गप्प बसणंही मला जमलं नसतं.

उपाशीपोटी साखर २८० च्या वर निघाली. १२६ किंवा त्यापुढं आकडा गेला की मधुमेहाची शंका घेऊन पुन्हा तपासतात. मामांचा त्याच्या दुपटीच्याही पुढं. इन्सुलिन पुरेसं काम करत नसेल तर रक्तात साखर भरपूर असून शरीर उपाशी राहतं आणि चरबीबरोबर स्नायूही जाळतं. साखर लघवीवाटे जाते, पाणी ओढून नेते, म्हणून ती तहान. काट्याला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी पोटावरचा किलो आणि मांडीतला किलो सारखाच.

औषधं सुरू झाली. साखर आटोक्यात आल्यावर डॉक्टरांना विचारूनच आम्ही पायांचे व्यायाम पुन्हा हळूहळू चढवत नेले. वजन २ किलोनं वाढलं तेव्हा मित्रांनी चिडवलं, पण मामांनी मनाला लावून घेतलं नाही, कारण मांडी ५२ वर आली होती आणि पोट ९१ वर. पुरुषाचं पोट ९० च्या आत असावं, असं आपल्या लोकांसाठी मानतात. तिथं अजून पोचायचं आहे.

आता चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या कार्डावर मांडीचा रकाना आहे, आणि मापाच्या दिवशी मी तहान, झोप, लघवी विचारूनच टेप हातात घेतो. गेल्या महिन्यात मामा निपाणीच्या मेव्हण्याला घेऊन आले. त्याचंही वजन आपोआप उतरत होतं.