आईने मुठेत नाही, कलांगमध्ये पाय घातले

भाऊ सिंगापूरला असतो, म्हणून यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना आणि आईला घेऊन जाऊन आलो. युनिव्हर्सल वगैरे झालंच, पण मला सांगायचंय ते बिशान आंग मो किओ पार्कबद्दल. भावाच्या घरापासून जवळ, म्हणून सकाळी नुसतं चालायला गेलो आणि दुपारपर्यंत तिथेच रमलो.

पार्कमधून कलांग नदी जाते. आधी ती नदी नव्हतीच म्हणे, २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा कालवा होता. तो फोडून नदीला पुन्हा वळणं दिली, त्यामुळे तीच आता ३.२ किलोमीटर झालीये, २०१२ ला पार्क नव्याने उघडलं. फोडलेलं काँक्रीटही फेकून दिलं नाही, त्याची तिथेच एक टेकडी केलीये. काठाला भिंत नाही, दगड आणि झाडांची मुळं माती धरून ठेवतात, आणि त्यासाठी कुठली पद्धत टिकते हे आधी छोट्या पट्ट्यात लावून बघितलं होतं, हे मला फार आवडलं.

मुलं दगडांवरून उड्या मारत पलीकडे जात होती, खाली मासे स्वच्छ दिसत होते. पण आईचं लक्ष वर आभाळाकडे. १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ती सहा वर्षांची, पुण्यात शनिवार पेठेत, शेजारच्या वाड्याच्या वरच्या मजल्यावरून तिने पाणी चढताना पाहिलंय. तिने भावाला पहिला प्रश्न हाच विचारला, "अरे पण पाणी आलं की?"

मग त्याने लाल खुणा दाखवल्या, भोंगे दाखवले. जोराचा पाऊस झाला की भोंगा वाजतो, लोक वर येतात, आणि दोन्ही बाजूचा गवताचा उतार पाण्याखाली जातो, नदी शंभर मीटरपर्यंत पसरू शकते. पाऊस थांबला, पाणी ओसरलं की परत पार्क. म्हणजे तो उतार पाण्यासाठीच सोडलाय, आपण तिथे पाहुणे. आपल्याकडे खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल बंद, आणि २०२४ च्या जुलैमध्ये तर एकता नगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, तेव्हाचे फोटो बघून आई दोन दिवस नीट जेवली नव्हती.

हे सगळं ऐकल्यावर ती साडी जरा वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. मी तिला मुठेत पाय घालताना आजवर कधी बघितलेलं नाही.

बाराच्या सुमारास ढग भरून आले तसं तिनेच सगळ्यांना वर काढलं. आम्ही शेडखाली उभे, पाऊस कोसळतोय, पाणी मातकट झालं, मुलं दगड मोजत होती, सात, मग पाच, मग दोन, मग एकही दिसेना. मी म्हटलं आई चल, रिक्षा नाही इथे, टॅक्सी बोलावतो. ती म्हणाली, "थांब ना, ओसरताना बघू दे."